आमी जेवलो

बूढापारा, रायपूर
रविवार, उपासनेहून आल्यावर

प्रिय अनु,

तुला आणि स्नेहलला प्रभूच्या नावाने सलाम. मलावीत तुमच्या गावापासून जवळच्या दवाखान्यात नागपूरच्या एक सिस्टर कामाला निघाल्या आहेत असं शेखरकडून कळलं, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देतो आहे. पोस्टाने टाकलं तर कधी पोचेल याचा भरवसा नाही, आणि तुला माझं उत्तर राखेच्या बुधवाराआधी, उपवासकाळ लागायच्या आत, हवं आहे. मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पापा, टिकट इससे आगे नहीं बढ़ेगा. आप बस हाँ बोल दो, मैं यहीं रुक जाऊँगी."  तू हॅलो, हॅलो करत राहिलीस आणि मी रिसीव्हर तुझ्या आईच्या हातात देऊन ओट्यावर जाऊन बसलो. तुला वाटलं असेल लाइन कटली. लाइन कटली नव्हती. त्याच्या जरा आधी तू एक गोष्ट हसत हसत सांगितलीस, ती ऐकल्यावर हो म्हणणं मला जमेना. कोणती, ते लिहिणारच आहे. पण एकदम लिहिली तर बाप घाबरला किंवा रागावला एवढंच तुला वाटेल, म्हणून मला माझ्या वाटेने येऊ दे.

फोनवर आपण हिंदीत बोलतो. लहानपणापासून तू मराठी ऐकतेस आणि हिंदीत उत्तर देतेस, ते मला कधी खटकलं नाही. रायपूरची पोरं अशीच. पण हे मला हिंदीत सांगता येणार नाही. घरच्या प्रार्थनेमुळे तुला मराठी वाचता येतं, हळू का होईना. हळूच वाच.

इकडचं सगळं ठीक आहे. थंडी ओसरली. माझी ड्यूटी पुन्हा अभनपूरच्या बाजूला लागली आहे. यंदा माघातच हातपंपांचं पाणी खाली जायला लागलं, गावोगावी पाईप वाढवत फिरतो. राजिमच्या मेळ्यामुळे त्या रस्त्यावर बस मिळत नाही, कधी ट्रॅक्टरवर बसून परत येतो. शहरात जिकडे तिकडे खोदकाम चालू आहे. राजधानी होऊन इतकी वर्षं झाली, पण कालचा रस्ता आज जागेवर सापडेल याची खात्री नाही. आईचे गुडघे तसेच आहेत. ती मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलते. जेवायला वाढलंय, दूधवाला आलाय, एवढंच. काल न राहवून म्हणाली, "पोट्टी इतक्या दूर देवाचं काम करून राहिली, अन् बापाच्या तोंडातून एक हो निघत नाही. काहून?" मी तिला सांगायचा प्रयत्न केला, त्यावर ती जे बोलली तेही पुढे लिहितो.

मंडळीत सगळ्यांना वाटतं की माझा विश्वास कमी पडला. तुम्ही चौघं नोव्हेंबरात निघालात तेव्हा स्टेशनवर सर्वांत मोठ्याने गाणारा मी होतो, हे लोक विसरलेले नाहीत. तिकडच्या संस्थेने तुमचं राहणं-खाणं पाहायचं ठरलं होतं. ख्रिस्तजयंती झाली आणि संस्थेने हात आखडला. शेखर आणि अच्युत परत आले. तुम्ही दोघी राहिलात, कारण तू गेलीस तर बाळंतपणाच्या खोलीत सुईण सोडून दुसरं कोणी उरत नाही, आणि स्नेहलची शाळा नुकती भरायला लागली आहे. देव पुरवील, असं तू शेखरला सांगितलंस. तो परत आल्यावर मान खाली घालून बोलत होता, आपणच कच्चे निघालो म्हणाला. अनु, ते वाक्य तू माझ्याकडूनच शिकलीस. नोकरी कायम होण्याआधी बूढापाऱ्यातल्या या एका खोलीत आम्ही दोघं आणि तू पोटात, तेव्हा मी तुझ्या आईला रोज तेच म्हणायचो. त्याने पुरवलंही. त्याबद्दल मला आजही शंका नाही.

मग तुझे फोन यायला लागले. संस्थेचा पुरवठा थांबल्यापासून एक दिवस आड सकाळी दाराशी टोपली येते. टोपलीत मक्याचं पीठ, भोपळ्याचा पाला, कधी मूठभर शेंगदाणे. शेजारची एस्नात आणून ठेवते, सोबत तिची तीन मुलं असतात. तू कधी काही मागितलं नाहीस, कोणाला सांगितलंही नाहीस, फक्त गुडघे टेकलेस, आणि दुसऱ्या सकाळी टोपली आली. तू हे सांगितलंस तेव्हा तुझी आई रडली. मी पास्टर साहेबांना जाऊन सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच रविवारी उपदेशात घेतलं. पवित्र शास्त्रात ओढ्याकाठी लपलेल्या त्या संदेष्ट्याला कावळे भाकर आणून देत, तसे आपल्या अनुश्रीकडे प्रभूचे कावळे येतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली, की माझी पोरगी जेवली. कोणाच्या घरचं जेवली, हे मनात आलंसुद्धा नाही. पुढे त्याच गोष्टीची मला भीती वाटायला लागली.

आपल्याकडच्या मुठीचं तुला माहीत आहे. भात टाकण्याआधी प्रत्येक घरची बाई तांदळातली एक मूठ परत डब्यात टाकते, महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे वेदीपुढे रिकामे होतात, आणि तो तांदूळ विकून देवाच्या कामाला पैसा उभा राहतो. तुम्ही चौघं त्या मुठीवरच विमानात बसलात. या महिन्यात पोतं निम्मंसुद्धा भरलं नाही. तांदूळ मोजून घेणारे भैय्यालालजी मला म्हणाले, "अब आपकी बिटिया को तो प्रभु खुद खिला रहा है शालिग्राम भाई, हमारी मुट्ठी की क्या ज़रूरत?" ते थट्टेने म्हणाले, त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण तुझी साक्ष ऐकून आपल्या बायांचे डबे हलके झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पास्टर साहेब कावळ्यांपाशी थांबले. गोष्ट तिथे थांबत नाही. ओढा आटतो, आणि देव त्या माणसाला एका विधवेच्या घरी पाठवतो. तिच्याजवळ मूठभर पीठ असतं, आणि एक मुलगा. हा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

आता माझ्या गावाचं सांगतो. तू दारव्ह्याजवळचं आमचं गाव एकदाच पाहिलंस, तेही लग्नाच्या गर्दीत. माझे वडील सालदार होते, वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या शेतात राबायचे. गावात ख्रिस्ती घरं चार, त्यात बोलवून जेवू घालण्याची ऐपत एकाचीही नव्हती, तरी उपदेशक आले की आमच्याचकडे उतरायचे, कारण माझ्या आईचा तसा हट्ट होता. श्यामराव उपदेशक. सायकलला पेटी बांधून यायचे. माणूस देवासारखा, हे आधी सांगतो. मला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली, मी पुढे शाळेत टिकलो ते त्यांच्यामुळे. माझं शालिग्राम हे नाव बदलून ख्रिस्ती नाव ठेवावं असं त्यांना फार वाटे. आई म्हणायची, देवाले हाक मारता येते ना या नावानं, मग राहू द्या. ते हसायचे आणि सोडून द्यायचे.

ते यायचे बहुतेक आषाढ-श्रावणात, कारण तेव्हा पेरण्या झालेल्या असायच्या आणि लोक घरी भेटायचे. त्यांच्या दृष्टीने तो काळ सोयीचा होता. आमच्या घरात तेव्हा कणगीच्या तळाशी हात लावला तर माती लागायची. आई कुठून तरी ज्वारी आणायची, जात्यावर दळायची, कोंबडी असली तर कापायची. उपदेशक घोंगडीवर बसायचे, डोळे मिटून लांब प्रार्थना म्हणायचे. आज सकाळी निघालो तेव्हा शिदोरी नव्हती प्रभू, तुझ्यावर टाकून निघालो, आणि तू माझ्यापुढे ताट मांडलंस. आई चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन उभी असायची. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्या घटकेला तिच्याइतकी श्रीमंत बाई तालुक्यात नसेल. म्हणून त्या माणसाला किंवा तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ती फसली नव्हती. तिने समजून-उमजून दिलं, आणि त्याचं सुख तिला पुरेपूर मिळालं.

फक्त ते येण्याआधी ती आम्हा दोघांना घराच्या मागे नेऊन बजावायची. मी आणि तुझी वनमाला आत्या. ती म्हणायची, "पाहुन्यासमोर बसाचं नाई. कोनी इचारलंच, त् म्हनाचं, आमी जेवलो." आम्ही ते घोकलं होतं. प्रार्थना पाठ झाली तसंच ते पाठ झालं. मग रात्री उरलं तर उरलं, नाही तर कण्यांचं पाणी. एकदा काय झालं, श्यामराव सायकल टेकवून आत शिरतच होते, चप्पलही काढली नव्हती, आणि वनमाला पळत पुढे गेली. चार वर्षांची असेल. कोणी काही विचारायच्या आत तिने हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "आमी जेवलो." सगळे हसले. श्यामरावही पोट धरून हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, किती शहाणी पोट्टी आहे. आईसुद्धा हसली, पदर तोंडाशी धरून. मी तिच्यापेक्षा मोठा होतो, मला सगळं कळत होतं, आणि मीही हसलो.

तू आत्याला चिडवतेस ना? सगळं घर चिडवतं. कोणाचं लग्न असो, बारसं असो, वनमाला आत्या वाढायला पुढे आणि पानावर बसायची वेळ आली की म्हणते, माझं झालं, मी जेवून आली. तुझ्या आईने तर एकदा तिच्या हातातून वाढपाची पळी हिसकावून घेतली होती आणि ती तरीही बसली नव्हती. आम्ही तिला रिकाम्या पोटाची सवाशीण म्हणतो. परवा पंपाचं काम आटोपून मी तिच्या अभनपूरच्या घरी गेलो. तिने मला वाढलं, स्वतः नेहमीसारखी समोर बसून राहिली. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, परवा विचारलं, वनू, तू असं काहून म्हणतेस? आता तुझ्या घरात कशाची कमी आहे? तिने माझ्या पानावर आणखी भात वाढला. मग म्हणाली, "सवय हाय, दादा. पहिला घास उचलला का मले वाटते, कोनाचा तरी उचलला." आणि लगेच म्हणाली, भाजीत मीठ बरोबर आहे का. अनु, तिच्या घरी मी खूपदा जेवलो आहे. त्या दिवशी मला ते ताट संपवता आलं नाही.

तिनेच मला शांताबाईंची आठवण करून दिली, मी त्यांना जवळजवळ विसरलो होतो. श्यामराव उपदेशकांच्या बायको. त्या फिरतीवर कधी नसायच्या, एका वर्षी आल्या. ठेंगणी, सावळी बाई, फार बोलायची नाही. पुरुष बाहेर गाणी म्हणत होते आणि त्या पाणी प्यायला म्हणून आत आल्या. आईने तांब्या द्यायच्या आत त्यांनी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं, मग कोपऱ्यातल्या कणगीत वाकून पाहिलं. आई खांबासारखी उभी राहिली.  शांताबाईंनी झाकण होतं तसं ठेवलं, पाणी प्यायल्या, बाहेर गेल्या. पानं मांडली गेली, श्यामरावांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू झाली, आणि ती चालू असतानाच या उठून घराच्या मागे आल्या आणि वनमालेला बखोटीला धरून आपल्या पानावर घेऊन बसल्या. मला डोळ्यांनी खूण केली. आमेन झालं तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना होतो. एक घास त्या स्वतः घ्यायच्या, एक वनमालेच्या तोंडात घालायच्या, एक माझ्या. वनमाला तोंड भरलेलं असताना सारखी म्हणत होती, आमी जेवलो, आमी जेवलो. या वेळी कोणी हसलं नाही. श्यामराव ताटाकडे बघत बसले होते. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, आणि मग बराच वेळ त्यातला एकही उचलला नाही.

आईला तेव्हा अपमान वाटला. ती पुढे कित्येक दिवस म्हणायची, त्या बाईनं माझी लाज काढली. पण पुढच्या वर्षी शांताबाई पुन्हा आल्या. त्यांच्या पदराच्या गाठीत ज्वारीचं पीठ बांधलेलं होतं, एक मूठ. दारातच त्यांनी ती गाठ सोडून आईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझी मूठ तुमच्या पिठात मिसळा. मंग मी खाईन." आईने ती मूठ परातीत टाकली, वर आपलं पीठ घेतलं, आणि दोघींनी मिळून भाकरी थापल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी कोणीही उपदेशक आला तरी तो एक मूठ घेऊन यायचा, आणि आम्ही पोरं समोर बसायचो. आपल्या घरातला डब्यातला तांदूळ तिथून आला आहे. रायपूरच्या मंडळीत मुठीची रीत आधीपासून होती, पण तुझी आई माझ्या घरात आली तेव्हा तिला मूठ काढायला मी शिकवलं ते शांताबाईंना आठवून. बायका म्हणतात ही मूठ देवाची. मला मात्र ती डब्यात पडताना नेहमी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून पाहणारी बाई दिसते.

हे सगळं मी तुझ्या आईला काल सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सांगून झाल्यावरही निवडत राहिली. मग म्हणाली, माझ्या लेकराच्या ताटात तुम्ही दोष काहून काढता? ती खाऊन राहिली, जिवंत आहे, हसते आहे, मले एवढं पुरे. त्या बाईची पोरं त्या बाईनं पाहावी. बोलून गेली आणि तिचा तिलाच तो शब्द लागला. सूप खाली ठेवून आत गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मी तिच्यावर रागावलो नाही. पहिल्या दिवशी माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलून दाखवलं नव्हतं. आई-बाप झाल्यावर माणूस किती लहान होतो हे मला या महिन्यात कळलं. देवावर टाकलं म्हणतो, आणि खरं पाहता टाकतो ते त्याच्या हाताशी सापडेल त्या गरिबावर. तसं नसेलही. मी रोज प्रार्थनेत विचारतो की असं आहे का. उपासनेला बसतो, गाणी म्हणतो, आणि आत काहीतरी अडलेलं राहतं. आज पास्टर साहेबांनी मला गाठून सांगितलं की पुढच्या रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर तुझ्यासाठी हो म्हणा, म्हणजे मंडळी हात ठेवून प्रार्थना करील. मी म्हणालो, पोरीचं उत्तर आल्यावर बघू. त्यांना ते आवडलं नाही.

आता त्या फोनचं. तू म्हणालीस की सगळीकडे हिरवंगार आहे, मका कमरेच्या वर गेला आहे, पापा आप देखते तो खुश हो जाते. मी शेतावर वाढलेला माणूस आहे. पीक कमरेला असतं आणि कणीस धरलेलं नसतं, तेव्हा घरात काय असतं ते मला माहीत आहे. भोपळ्याचा पाला लोक कधी खातात तेही माहीत आहे. तरीही मी मनाला समजावत होतो, असेल त्या बाईकडे साठवलेलं. मग तू एस्नातच्या मुलांचं सांगितलंस. टोपली ठेवून आई कामाला निघून जाते, मुलं मात्र पडवीच्या खांबाला धरून उभी राहतात, तुम्ही दोघी खात असताना बघत राहतात. तू त्यांना बोलावतेस, घास पुढे करतेस. आणि ती तिघंही मान हलवून एकच वाक्य म्हणतात. ते वाक्य तू त्यांच्या भाषेत मला म्हणून दाखवलंस, कारण त्या भाषेतलं तू शिकलेलं ते पहिलं वाक्य, आणि मग त्याचा अर्थ सांगितलास. हम तो खा चुके. सर्वांत धाकटी, म्हणालीस, आता तुम्ही दार उघडलं की विचारायच्या आधीच सांगून टाकते. तू हसत होतीस. "कितने समझदार बच्चे हैं, पापा."

म्हणून हे पत्र. तू मागितलेलं उत्तर आता देतो. आईने निघताना तुझ्या पेटीत डब्यातल्या तांदळाची एक पुरचुंडी ठेवली होती, आठवण म्हणून तू ती अजून सोडली नसशील. ती सोड. टोपली दाराशी यायची वाट पाहू नको, तू उठून एस्नातच्या घरी जा. दारात नको, आत जा. तिची लाज राखून, पण झाकण उचलून बघ. तो तांदूळ तिच्या हातात दे आणि सांग, माझी मूठ तुझ्या अन्नात मिसळ. एका भांड्यात शिजवा, आणि पोरांना तुझ्या पानावर घेऊन बस. तिला अपमान वाटेल, कदाचित पुष्कळ दिवस वाटेल, तो तू सोस. त्या घरातून बाहेर आल्यावर तू जे ठरवशील त्याला माझं हो आहे. राहशील तरी, येशील तरी, मी रविवारी उभा राहून म्हणेन, आणि तू राहणार असलीस तर आपल्या बायांना सगळी गोष्ट, कावळ्यांच्या पुढचीसुद्धा, सांगून डबे पुन्हा भरायला लावीन. पण त्या घरात जाण्याआधी माझ्याकडून हो मागू नको, मला ते देता येणार नाही. पोरं तुझ्या मांडीवर बसूनही म्हणतील की आमी जेवलो. देवावर विश्वास ठेव, बाळ. त्या पोरांवर ठेवू नको.

वनमालेसोबत शांताबाईंच्या हातून जेवलेला,

तुझाच,
पापा